जेट बदलले, तरी तीच कुरकुर परत का येते?

कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलला फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) सायलेन्सर बसवला, एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरची बंद पेटी, काढून उघडा कोन फिल्टर लावला. गाडी गुदमरायला लागली म्हणून मेन जेट (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा) दोन नंबर मोठा टाकला. चार दिवस बरी चालल्यासारखी वाटली आणि मग पुन्हा तेच: आयडलिंग वर-खाली, पाव थ्रॉटलला झटके, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. मग आणखी मोठा जेट. मग कोणीतरी सांगितलं म्हणून परत छोटा. या फेऱ्यात जे अडकलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

"अमुक सायलेन्सर, तमुक फिल्टर, तर कितीचा जेट टाकू?" हा प्रश्न सगळेच विचारतात, पण नुसत्या एवढ्यावर उत्तर देता येत नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत जमलेला नंबर तुमच्या गाडीत जमेलच असं नाही. फ्लोटची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची, पातळी, नीडल जेटची (नीडल, म्हणजे निमुळती सुई, ज्यात वर-खाली होते त्या नळीची) झीज, समुद्रसपाटीपासूनची उंची, पेट्रोल, यातलं काहीही वेगळं असू शकतं. आधी एवढं सांगा: त्रास होतो तेव्हा थ्रॉटल किती उघडा असतो? हे नक्की कळलं की अर्धं काम झालं.

थ्रॉटल बघा, आरपीएमचा काटा नंतर

कार्ब्युरेटरमधले भाग इंजिनाच्या फेऱ्यांनुसार पाळी लावत नाहीत, थ्रॉटल किती उघडा आहे त्यानुसार लावतात. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा) आणि मिक्श्चर स्क्रू (तिथलं हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी-जास्त करणारा) यांचं राज्य. साध्या स्लाइडच्या, म्हणजे केबलने वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या, कार्ब्युरेटरमध्ये त्यापुढे पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या खालच्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण थ्रॉटल नीडल आणि नीडल जेट. आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत घुसतात, पण ढोबळ हिशेब हाच.

आता रोजच्या चालवण्याचा विचार करा. आपण बहुतेक वेळ अर्ध्या थ्रॉटलच्या आतच असतो. तिथे नीडल आणि नीडल जेट यांच्यामधली गोल फट मेन जेटच्या भोकापेक्षा लहान असते, त्यामुळे पेट्रोल तीच अडवते. नळाला मागून कितीही जाड पाइप जोडा, तोटी पावच उघडी असेल तर पाणी तेवढंच येणार. पाव थ्रॉटलच्या झटक्यांवर मेन जेटचा उपाय का चालत नाही, ते यावरून कळावं.

मोजायला डोळ्यांवर विसंबू नका. मूठ फिरवून आधी केबलचा ढिलेपणा काढा, मग मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर मास्किंग टेपचे तुकडे लावून बंद, एक अष्टमांश, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. गाडी पूर्ण गरम करून मोकळ्या रस्त्यावर एकाच खुणेवर थ्रॉटल धरा आणि गिअर बदलून बघा. दुसऱ्यात आणि चौथ्यात, वेगवेगळ्या आरपीएमला, त्याच खुणेवर अडखळली तर दुखणं कार्ब्युरेटरचं. उलट थ्रॉटल कितीही असो, ठरावीक आरपीएमलाच अडखळली तर जेटची पेटी बंद करून ठेवा. इग्निशन, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, नाहीतर नव्या पाइपमुळे टॉर्कमध्ये पडलेला खड्डा, यांपैकी काहीतरी असणार. हा खड्डा पाइपच्या लांबी-जाडीतून येतो. जेट बदलून तो थोडा सौम्य होईल, बुजणार नाही.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या, म्हणजे सीव्ही कार्ब्युरेटरला एक पुरवणी. त्यात मूठ फक्त बटरफ्लाय, म्हणजे फिरणारी चपटी झडप, उघडते, स्लाइड वर जाते ती इंजिनाच्या ओढीने. त्यामुळे टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमला मूठ पूर्ण पिळली तरी नीडल अर्धीच उचललेली असते. अशा कार्ब्युरेटरवर मेन जेटची परीक्षा आरपीएम चढलेले असतानाच घ्यायची.

जेट खोलण्याआधी

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) बरोबर, प्लग नवा, बॅटरी ठीक, कार्ब्युरेटर आतून साफ. एवढं झालेलं आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. ज्याचा पायलट जेट अर्धा बुजलाय त्याने जेटिंग करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. पायलट जेटचं भोक बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. तार घालून ते साफ करायचं नाही, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच.

दुखणं परत परत येण्यामागे मला सर्वांत जास्त संशय हवेच्या गळतीचा असतो. नवे पार्ट बसवताना कार्ब्युरेटर काढ-घाल होतो आणि इंजिनाकडचं रबर पिळवटतं. जुन्या रबराला चिरा पडतात त्या नेमक्या खालच्या बाजूला, जिथे नजर जात नाही. क्लॅम्पची दोन टोकं एकमेकांना टेकलेली असतात, स्क्रू घट्ट लागतो, पण रबर मात्र सैल. एअर बॉक्स काढताना सुटलेल्या नळ्याही बघा: व्हॅक्यूम पेट्रोल कॉकची नळी, सेकंडरी एअरची (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या यंत्रणेची) नळी, गेज लावायच्या निपलवरची रबरी टोपी. यातली व्हॅक्यूमची एक जरी उघडी राहिली तरी मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि तेही स्थिर नाही. थंड असताना एक वागणूक, रबर तापून सैलावलं की दुसरी. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वरच लटकले तर आधी इथेच बघा. इंजिन आयडलिंगला ठेवून जोडांवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की गळती सापडली. काही जण यासाठी कार्ब क्लीनर वापरतात. तो पेट घेतो आणि खालीच तापलेला पाइप असतो, त्यामुळे मी पाणीच सुचवीन.

दुसरी जागा सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही: कोन फिल्टरची आतली रबरी कड. कार्ब्युरेटरच्या फिल्टरकडच्या तोंडात, मुख्य मार्गाच्या कडेला, बारीक भोकं दिसतील. त्यातली काही एअर जेटची असतात आणि सीव्हीमध्ये एक मार्ग डायफ्रॅमच्या (स्लाइड उचलणाऱ्या रबरी पडद्याच्या) खालच्या कप्प्यात जातो. कारखान्यातून आलेली एअर बॉक्सची नळी ही भोकं मोकळी ठेवते. बाजारातल्या बऱ्याच कोन फिल्टरच्या गळ्यात आतून एक पायरी असते आणि ती नेमकी या भोकांवर बसते. हवा अडली की ते सर्किट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा तो मार्ग) रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, किंवा स्लाइड नीट उचलत नाही, आणि कोणताही जेट टाकला तरी गाडी ताळ्यावर येत नाही. फिल्टर काढून गळ्यातून बोट फिरवा. पायरी लागली तर तिची खोली मोजून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी ताडून बघा. वेगळ्या गळ्याचा फिल्टर घेणं किंवा ती कड सफाईने छाटणं, दोन्हीपैकी एक करावंच लागतं.

सीव्ही उघडलाच आहे तर डायफ्रॅम उजेडासमोर हलकेच ताणून धरा. सुईएवढं छिद्र असलं तरी स्लाइड पूर्ण वर जात नाही आणि गाडी वरच्या टोकाला मेल्यासारखी होते. त्यावर क्लीनर मारू नका, रबर फुगतं. परत बसवताना कड खाचेत नीट बसली नाही आणि झाकणाखाली चिमटली, तर नवं छिद्र तिथेच पडतं.

सायलेन्सरच्या जोडाचंही तसंच. इंजिनाच्या तोंडाशी असलेली गास्केट दबून बसायची वस्तू आहे, जुनी परत वापरली की गळते. इंजिन थंड असताना सुरू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा. जोडातून फुसफुस ऐकू येईल. तिथून आत ओढली गेलेली ताजी हवाच फटाके फोडत असते, आणि मालक मात्र ते लीन समजून पायलट जेट मोठा करत बसतो.

राहिला पेट्रोलचा पुरवठा. पूर्ण थ्रॉटलवर गाडी आधी छान ओढते आणि काही सेकंदांनी ढेपाळते, थ्रॉटल कमी करून थोडं थांबलं की पुन्हा ओढते. लक्षण लीन मेन जेटसारखं दिसतं, पण प्रत्यक्षात फ्लोट बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी, रिकामा होत असतो. मोठा जेट टाकला तर तो आणखी लवकर रिकामा होईल. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, पेट्रोल कॉकची जाळी, मधला फिल्टर आणि फ्लोट नीडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल उघड-बंद करणारी सुई) बघा. फ्लोटची उंची सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ती एक-दोन मिलिमीटर चुकली तरी सगळीच सर्किटं एकदम सरकतात, म्हणून जेटिंगच्या आधी ती जुळवायची, नंतर नाही.

लीन की रिच

पेट्रोलचं आदर्श मिश्रण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. पूर्ण ताकद मिळते ती थोडं रिच असताना, १२.५ ते १३ च्या आसपास. मोकळा फिल्टर आणि मोकळा पाइप लावला की हवा जास्त येते, हे सगळ्यांना पटतं. दुसरी गोष्ट मात्र बोलली जात नाही. एअर बॉक्सच्या अडथळ्यामुळे कार्ब्युरेटरच्या गळ्यात कमी दाबाची जी ओढ तयार होते, ती अडथळा गेल्यावर घटते. पेट्रोल वर ओढलं जातं ते याच दाबाच्या फरकाने. म्हणजे हवा वाढली आणि पेट्रोल ओढणारा जोर कमी झाला, असा दुहेरी मार बसतो. नुसता सायलेन्सर बदलल्यावर जिथे फार तर एखादा नंबर पुरतो, तिथे कोन फिल्टरसोबत बरेच नंबर चढावं लागतं ते त्यामुळे.

ओळखायला सगळ्यात सोपी खूण तापमानाची. थंड इंजिनाला रिच मिश्रण लागतं. म्हणून थंड असताना बरी चालणारी आणि तापल्यावर जड, धापा टाकणारी गाडी रिच. तापेपर्यंत कुरकुरणारी आणि मग सुधारणारी गाडी लीन. त्रास होतो त्याच खुणेवर थ्रॉटल धरून चोक थोडा ओढून बघा. सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. लीन गाडी थ्रॉटल उघडताच क्षणभर दम सोडते, सपाट रस्त्यावर पुढे-मागे हेलकावते आणि जास्त तापते. रिच गाडीला पेट्रोलचा वास येतो, आवाज भरडा होतो, प्लगवर काळी कोरडी काजळी धरते.

प्लगच्या रंगावर मात्र फार भरवसा ठेवू नका. हल्लीच्या शिसेविरहित पेट्रोलवर रंग सावकाश धरतो आणि घरापर्यंत आयडलिंगवर आलेल्या गाडीचा प्लग आयडलिंगचीच गोष्ट सांगतो. वाचायचाच असेल तर नवा प्लग घालून, हव्या त्या थ्रॉटलवर काही काळ धरून, क्लच दाबत त्याच क्षणी किल स्विच मारायचा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी आतल्या मुळाशी पाहायचं. हे बंदिस्त ट्रॅकवरच करा, रहदारीत नाही. डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून मोजणं मिळत असेल तर प्लगच्या रंगाचा वाद तिथेच मिटतो.

नंबरांचा घोळ

केहिन आणि मिकुनी या कार्ब्युरेटर बनवणाऱ्या कंपन्या. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा मात्र त्यातून मिनिटाला किती प्रवाह जातो यावरून ठरतो. त्यामुळे एकाचा १२० आणि दुसऱ्याचा १२० सारखे नाहीत, आणि आटे जुळले म्हणून एकमेकांच्या जागी टाकायचे नाहीत. व्यासाच्या हिशेबातला आणखी एक सापळा: १०० वरून ११० म्हणजे १० टक्के वाढ वाटते, पण क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. स्वस्त नकली जेट तर यापलीकडचे. त्यांवर छापलेला आकडा आणि भोक यांचा संबंध असेलच असं नाही. एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले चढत्या नंबरांचे जेट असतील तर निदान तुलना तरी खरी होते. ड्रिलने भोक मोठं करणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको.

क्रम

वरून खाली यायचं: मेन जेट, मग नीडल, मग पायलट. काही जाणकार आयडलिंगपासून वर जातात, त्यालाही तर्क आहे. पण मेन जेटचा थोडा परिणाम खालच्या सर्किटांवर होतो, खालच्यांचा वर फारसा होत नाही, म्हणून मला वरून येणं पटतं. एका वेळी एकच बदल. हा नियम सगळे मान हलवून ऐकतात आणि कार्ब्युरेटर उघडाच आहे म्हणून तीन गोष्टी बदलून टाकतात.

पूर्ण थ्रॉटलवर, आरपीएम चढलेले असताना, मूठ किंचित मागे घ्या. गाडीने उचल खाल्ली तर मेन जेट लहान आहे. किंचित ढिली पडली तर जवळपास बरोबर. पूर्ण थ्रॉटलवरच भरडी चालत असेल तर मोठा झालाय. नुसता मफलर बदललेल्या गाडीला मेन जेट बदलण्याची गरज पुष्कळदा नसतेच.

मग पाव ते पाऊण. नीडलला खाचा असतील तर क्लिप खालच्या खाचेत टाकली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं, वरच्या खाचेत टाकली की लीन. इथे उलटसुलट होणं सहज शक्य आहे, म्हणून क्लिप नव्हे, नीडल कुठे जाते ते डोळ्यांसमोर आणा. बऱ्याच रस्त्यावरच्या गाड्यांच्या नीडलला एकच खाच असते. तिथे नीडलच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची पातळ चकती टाकतात. शहरात चालणाऱ्या गाडीला सगळ्यात जास्त गुण येतो तो या चकतीने.

शेवटी पायलट. मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोलचं मिश्रण सोडतो, उघडला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा सोडतो, उघडला की लीन. गरम इंजिनावर आयडलिंग सर्वांत वर आणि सुरळीत जिथे होतं तिथे थांबा. हलक्या हाताने बंद करून फेरे मोजा. सुमारे एक ते अडीच फेऱ्यांत जमलं तर पायलट जेट योग्य. इंजिनाकडचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे गेल्याशिवाय जमत नसेल तर मोठा पायलट जेट हवा, एका फेऱ्याच्या आतच जमत असेल तर लहान. फिल्टरकडच्या स्क्रूला हाच हिशेब उलटा. बंद करताना जोर लावला की स्क्रूचं टोक भोकात मोडतं.

इंजिनाकडच्या या स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग इवलीशी चकती, मग टोकाकडे ओ-रिंग अशी रचना असते. स्क्रू काढला की ओ-रिंग आतच चिकटून राहते, किंवा क्लीनरच्या फवाऱ्याबरोबर उडून जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ती नसली की आट्यांमधून हवा शिरते आणि आयडलिंग कितीही फिरवलं तरी ठरत नाही. जेट किट बसवल्यापासून आयडलिंग भटकतंय, अशी तक्रार असेल तर मी पहिला हा स्क्रू काढतो. दोन किंवा चार सिलिंडरची गाडी असेल तर यानंतर व्हॅक्यूम गेज लावून कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे राहतात.

सगळं जमलं आणि काही महिन्यांनी परत बिघडलं तर

जेट आपोआप बदलत नाही, म्हणजे दुसरं काहीतरी बदललंय. थंडीत हवा दाट होते, गाडी लीनकडे झुकते. उंच डोंगराळ भागात हवा विरळ, गाडी रिच होते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याचं प्रमाण वाढलेलं पेट्रोल भरलं की तेच जेट लीन पडतात. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवा. धुऊन वापरायच्या फिल्टरवर तेल जास्त चोपडलं की फिल्टर धुतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी रिच.

जुन्या गाडीत पाव ते अर्ध्या थ्रॉटलला रिचपणा हटतच नसेल तर नीडल जेट बघा. वर्षानुवर्षं नीडल घासून त्याचं भोक लंबगोल होतं. नीडल खाली घेतली की थोडं झाकलं जातं, पुन्हा डोकं वर काढतं. नवं नीडल आणि नीडल जेट, जोडीने. आयडलिंगलाच रिच असेल तर चोकच्या केबलला ढिलेपणा आहे ना, त्याचा प्लंजर तळाला टेकतोय ना, ते तपासा.

आणि थ्रॉटल सोडल्यावरचे फटाके. मोकळ्या सायलेन्सरवर थोडीशी पुटपुट राहणारच, पूर्वी ती बंद मफलरमध्ये दबून जायची एवढंच. जोरदार स्फोट होत असतील तर गास्केट, सेकंडरी एअरचा व्हॉल्व्ह, आणि काही सीव्ही कार्ब्युरेटरच्या बगलेत असलेला एअर कट-ऑफचा छोटा डायफ्रॅम, या क्रमाने बघा. हा डायफ्रॅम थ्रॉटल बंद होताच मिश्रण थोडं रिच करतो. तो फाटला की फटाके हमखास. सगळं ठीक निघालं आणि तरी पुटपुट राहिली तर पायलट स्क्रू पाव फेरा रिचकडे फिरवा, त्याहून जास्त नको, नाहीतर सिग्नलवर प्लग काळा व्हायला लागेल.